मधली तिरकी रेघ

प्रिय मिझुहो,

आई गेल्याचं तुझं कार्ड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. सुतकातल्या घरी नववर्षाचं कार्ड धाडायचं नसतं, म्हणून पस्तीस वर्षांत यंदा पहिल्यांदाच मी तुला काही पाठवलं नाही, आणि तुझंही आलं नाही. तुझ्या कार्डावर त्या त्या वर्षाचा प्राणी छापलेला असायचा, उंदीर, वाघ, ससा, आणि त्याखाली हाताने लिहिलेली एकच ओळ : 'अजून बोलतोयस का?' मी त्या ओळीला कधीच उत्तर दिलं नाही. पण यंदा पोस्टमनने कार्डांचा गठ्ठा दिला आणि मी तो दोनदा चाळला, तेव्हा कळलं की माझं वर्ष त्या टोमण्याने सुरू व्हायचं. तुझ्या आईंना मी एकदाच भेटलो. तुमच्या गावाहून, हमादाहून, त्या सुके मासे घेऊन आपल्या प्रयोगशाळेत आल्या होत्या. मी त्यांना स्फटिक दाखवत अर्धा तास बोललो. शेवटी त्यांनी तुला हळूच विचारलं, हा मुलगा झोपेत तरी गप्प असतो का? तू म्हणालीस, "मला कसं माहीत असणार?" आणि तुझे कान लाल झाले. माझेही झाले होते, पण मी लगेच स्फटिकांकडे वळलो. तेवढं मला बरं जमायचं.

मार्चमध्ये मी निवृत्त होतो आहे. रिवाजाप्रमाणे शेवटचं व्याख्यान द्यायचंय. विद्यार्थी येतील, म्हातारे सहकारी येतील, घरचं माणूस म्हणून माझी बहीण फुमिए येईल. तिला कळेल असं बोलायचं ठरवून मी तिच्यावर प्रयोग केला. म्हटलं, प्रथिन ही मण्यांची माळ असते. पण ती सरळ राहत नाही, लोकरीच्या गुंड्यासारखी वळते, आणि माळेत लांब असलेले दोन मणी गुंड्यात एकमेकांना येऊन टेकतात. त्या टेकण्यावरच सगळा डोलारा उभा असतो. कोणता मणी कोणाला टेकलाय याचा नकाशा काढायचा, हे माझं काम. फुमिए मुळा किसत होती. म्हणाली, "म्हणजे कोण कोणाला खेटून बसलंय हे बघायला तुला चाळीस वर्षं पगार दिला?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आणि स्वतः एकटा बसलास." मी चहा घेतला आणि घरी आलो.

आता मुद्द्याला येतो. तू असतीस तर केव्हाच घड्याळ दाखवलं असतंस.

डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला प्रयोगशाळेत वर्षअखेरची साफसफाई होती. सगळे डोक्याला फडकी बांधून कामाला लागले. यंदा माझी खोली कायमची रिकामी करायची होती. हिराओ नावाची माझी शेवटची डॉक्टरेटची विद्यार्थिनी आहे, जिभेने तिखट. मी प्रत्येक कागद वाचत बसलो होतो, तर म्हणाली, "सेन्सेई, फेकायचं की ठेवायचं एवढंच सांगा. वाचायला निवृत्ती पडली आहे." आपल्या वेळचं ते लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं तर मागे दोन वस्तू सापडल्या. एक म्हणजे कडेला भोकं असलेला, घड्या घातलेला जुना छपाईचा कागद. दुसरी, तुझी निळी वही.

तो कागद तू ओळखशील. गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जिवाणूचं आपलं प्रथिन. तू त्याचे स्फटिक वाढवलेस, मी मणी मोजणारा प्रोग्राम लिहिला. तू त्र्याहत्तराव्या जागेवरचा मणी, टायरोसिन, काढून दुसरं अमिनो आम्ल बसवलंस, आणि ऐंशी अंशांना टिकणारं प्रथिन पन्नासलाच अंड्यासारखं गोठलं. तू म्हणालीस, हा मणी खांब आहे. माझ्या नकाशात मात्र त्र्याहत्तरची ओळ कोरी होती. आठ अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे टेकण्याच्या अंतराच्या, आत कोणी नाही. पाण्याकडे तोंड करून उभा असलेला एकटा मणी. तू म्हणालीस, गाळणीच्या नळीतून रेणूचं वजन दुप्पट येतंय, ही दोन रेणूंची जोडी असेल, शेजारचा रेणू हिशेबात धरून बघ. मी धरून बघितलं. दोन रेणूंमध्ये टेकलेले मणी इतके थोडे निघाले की मी जाहीर केलं, ही जोडी नाही, स्फटिकात दाटीने उभे राहिलेले दोन अनोळखी आहेत. तुझी नळी जुनी झाली आहे, हेही मीच म्हणालो.

तो शनिवारचा परिसंवाद. तुझ्या प्रबंधाचा कणाच त्या त्र्याहत्तरवर होता आणि तुला चाळीस मिनिटं दिलेली होती. अकराव्या मिनिटाला मी उठलो. तो कागद लांबच लांब टेबलावर उलगडला आणि बोलत सुटलो. प्रयोगापेक्षा पुरावा मोठा, पुराव्यापुढे मैत्री नाही, आणि शेवटी ते वाक्य, ज्याच्यावर मी तेव्हा खूश होतो : "कागद खोटं बोलत नाही, माणसं बोलतात." आपल्या मार्गदर्शकांनी, होंजो सेन्सेईंनी, मान डोलावली. तू कागदाची घडी घातलीस, पहिल्यासारखी नीट, आणि विचारलंस, "झालं तुझं बोलून?" मग खाली बसलीस. ते प्रकरण प्रबंधातून काढायला तू नकार दिलास आणि मार्चमध्ये पदवी न घेता हमादाला गेलीस, शाळेत रसायनशास्त्र शिकवायला. मी तुला अडवायला स्टेशनवर आलो नाही. सत्य माझ्या बाजूने आहे असं वाटत होतं, आणि सत्य बाजूने असलं की माणसाला स्टेशनवर जावंसं वाटत नाही.

वहीचं शेवटचं लिहिलेलं पान परिसंवादाच्या आदल्या दिवसाचं आहे. तुझं बारीक अक्षर : 'शुक्रवार, सहा वाजता, ओयोनेच्या दुकानात. तेत्सुरोला विचारणे : नकाशातली मधली तिरकी रेघ का पुसतोस? ७३ समोर ७३च असेल तर? तो भाषण सुरू करेल, त्याआधी त्याच्या तोंडात घास भरणे.'

मी बादल्या आणि फडक्यांच्या मध्ये खाली बसलो. हिराओने विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी वही पुढे केली. तिने वाचलं आणि म्हणाली, "पण सेन्सेई, खरंच, का पुसायचात?"

का पुसायचो? नकाशाच्या उभ्या आणि आडव्या, दोन्ही बाजूंना मण्यांचे तेच आकडे, म्हणून मधल्या तिरक्या रेघेवर प्रत्येक मणी स्वतःशीच भेटतो. स्वतःला तर जो तो टेकलेलाच असतो, त्यात सांगण्यासारखं काय? म्हणून ती रेघ आणि तिच्या आजूबाजूची पट्टी मी आधीच कोरी करून टाकायचो. एका रेणूपुरतं ते बरोबर होतं. पण सारखे दोन रेणू समोरासमोर उभे राहिले, आणि एकाच्या त्र्याहत्तरने दुसऱ्याच्या त्र्याहत्तरला धरलं, तर ती भेट नेमकी त्या रेघेवरच पडणार. जी मी छापण्याआधीच पुसली होती.

त्या दुपारी आम्ही साफसफाई सोडून ती पट्टी न पुसता नकाशा काढला. मिझुहो, ती जोडीच आहे. रेघेवर ठिपक्यांची रांग उभी राहिली आणि तिच्या मधोमध त्र्याहत्तर. दोन टायरोसिनं तळहाताला तळहात लावल्यासारखी. छत्तीस वर्षं मी सभांमधून गर्जत आलो की जे दिसतं तेच माना, आणि न दिसण्याची सोय मीच करून ठेवली होती.

तुला ठाऊक नसेल, त्या शुक्रवारी तू बोलावूनही मी आलो नाही, तेव्हा मी छपाईच्या खोलीत होतो. दुसऱ्या दिवशीचं भाषण घोकत. ओयोनेने मला नंतर सांगितलं की तू कोबीची दोन धिरडी मागवलीस, दुकान बंद होईपर्यंत बसलीस, एक खाल्लंस आणि दुसरं बांधून घेतलंस. शनिवारी सकाळी माझ्या टेबलावर ते पुडकं होतं. कोणाचं, हे मी विचारलंही नाही. उजळणी करता करता खाऊन टाकलं.

दुरुस्तीचा लेख लिहून झाला आहे, सोबत जोडतो. पहिलं नाव तुझं आहे. काही चुकलं असेल तर लाल पेन लाव, शिक्षिका आहेस. पण त्यासाठी पत्र लिहिलं नसतं, लेख नुसता पाठवला असता. चौदा मार्चला, शनिवारी, दुपारी दोनला माझं शेवटचं व्याख्यान आहे. मी फक्त माझी चूक सांगणार आहे, त्याला अकरा मिनिटं पुरतील. पुढची एकोणतीस मिनिटं तुझी आहेत. ती मी त्या दिवशी घेतली होती आणि इतकी वर्षं वापरत आलो. ये आणि त्र्याहत्तरबद्दल तुझं बोलणं पूर्ण कर. आदल्या दिवशी शुक्रवार आहे. ओयोने आता नाही, तिची सून दुकान चालवते, धिरडी थोडी जाड करते. सहा वाजता मी तिथे असेन. तू आली नाहीस तर मी दोन मागवीन, दुकान बंद होईपर्यंत बसेन, एक खाईन आणि दुसरं बांधून घेईन. आलीस, तर जे विचारायचं राहिलं होतं ते विचार. मी तोंडात घास भरूनच बसलेला असेन.

हो, अजून बोलतोय. आता थांबतो.

तुझाच,
तेत्सुरो