उरणचं घर हलतं

किन्हवली,
२२ मे १९९८

आदरणीय देवजी दाजींना बाळारामाचा मानाचा जयभीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? आक्काला सांगा, शेकताना वीट फार तापवू नको. (चौकशी मनापासून करतोय, पण त्या गुडघ्याने ऐनवेळी दगा दिला नसता तर हे पत्र लिहायची पाळी आली नसती, हेही खरं.) आमच्या संध्यासाठी उरणचं स्थळ तुम्हीच आणलंत. महेंद्र येऊन गेला, दोघांनी एकमेकांना पसंत केलं, राहिलं होतं फक्त मुलाचं घर बघणं. तेवढ्यासाठी मला एकट्याला जावं लागलं.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली. आजूबाजूचे लोक पिशव्या तोंडाशी धरून बसले होते, मी भजी खात होतो. (सिद्धगड अनवाणी चढलेला माणूस मी, मला पाण्याचं काय.) उरणचं मोरा बंदर समोर दिसायला लागलं आणि ओहोटी आडवी आली. गाळात रुतायला नको म्हणून लाँच अलीकडेच उभी केली, आणि भरती येईपर्यंत आम्ही सगळे जागच्या जागी डुलत बसलो. तिथेही मला काही झालं नाही. जे व्हायचं ते त्यांच्या घरी झालं.

माणसं चांगली, घर नवं, स्लॅबचं. खुर्चीत टेकलो तर फरशी वर आली आणि सावकाश खाली गेली. भिंतीला हात लावला, भिंतही निघाली. उगाच कुणावर आळ नको म्हणून पाण्याचा तांब्या मागून जमिनीवर ठेवला. पाणी स्थिर होतं. पण घराबरोबर तांब्याही हलत असेल तर पाण्याला काय कळणार, असा मी विचार केला. (तुम्हीही हाच केला असता.) भरावाची जमीन, पाया बसला असणार. चहा संपवला आणि मुलाच्या वडिलांना तोंडावर सांगितलं, "तुमचं घर हालतंय. आमी पोरगी देनार नाय." मुलाच्या आईने माझा कप तेवढा उचलून आत नेला.

परत येताना पनवेलवरून एसटीने आलो. गाडीत मी ठणठणीत. किन्हवलीला उतरलो आणि स्टँड हलायला लागला. घरी ओटीवर बसलो, तर ओटीही. संध्याच्या आईला म्हटलं, आपलाही पाया गेला. ती म्हणाली, "पाया नाय गेला, तुमचं डोकं गेलंय." तरी मी नवशा गवंड्याला बोलावलं. त्याने लेव्हल लावली, बुडबुडा मधोमध. शेवटी शहापूरला डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, बोटीतून उतरल्यावर काहींना असं होतं, तुमचे कान अजून लाँचमध्येच आहेत, उतरतील हळूहळू. चालत्या गाडीत मात्र बरं वाटतं, म्हणून सध्या काम नसताना शेणव्यापर्यंत एसटीने जाऊन येतो. (कंडक्टर आता कुठे जायचं विचारत नाही.)

संध्या मात्र रागावत नाही, हेच मला सोसत नाही. काल जेवण वाढताना एवढंच म्हणाली, "बाबा, आता आपलं पन घर हालतंय. मंग आईला म्हायेरी धाडनार का?" दाजी, पोरीला मुलगा मनापासून आवडलाय, आणि मी भजी खाऊन, चहा पिऊन तिचं लग्न मोडून आलो. घास गोड लागत नाही.

बाकी सर्व क्षेम. पत्राला कारण विशेष नाही.

आपला,
बाळाराम

ता. क. : कारण आहे. तुम्ही उरणला जा आणि त्यांची समजूत घाला. दोष समुद्राचा होता म्हणावं. माझ्या डोक्याचा विषय शक्यतो काढू नका.

ता. क. २ : वरचं संध्याने वाचलं. ती म्हणते, समजूत कुणी घालायची नाही, घर मीच बघून येते. मुलीने स्वतः घर बघायला जायचं हे आपल्यात अजून झालेलं नाही, पण राहायचं तिला आहे, म्हणून मी हो म्हटलं. तुम्ही फक्त तिच्यासोबत जा. रस्त्याने जा म्हटलं तर ऐकत नाही, लाँचच हवी. मी म्हटलं, गो बाय, मग तुलाही ते घर हलताना दिसेल. तर म्हणाली, "हालू दे. म्हंजे माजे बाबा खोटं नाय बोलले, असं सगल्यांसमोर सांगता येल. नि कितीबी हाललं तरी मी हो म्हनूनच येनार."