पडवीतली सुरमई

मालगुंड,
२० मे २०२५

ति. दादा,

साष्टांग नमस्कार. कंबर साथ देत नाही म्हणून तो कागदावरच घालते आहे, गोड मानून घे. इकडे सर्व ठीक. आमसुलं वाळत घातली आहेत आणि कावळे शाळेतल्या मुलांपेक्षा नियमाने हजेरी लावतात.

वहिनी फोनवर म्हणाली, "हे विचारतायत, एकट्या बाईला एवढ्या बॅटऱ्या कशाला?" शंका रास्त आहे. इन्व्हर्टरला होती ती एक लिथियम बॅटरी माझ्या पंख्याला, दिव्याला पुरत होती. पण पावसाळ्यात इथली वीज परतीची तिथी सांगून जात नाही. म्हणून आणखी दोन घेतल्या.

जोडताना मात्र माझी घाई नडली. आपला वायरमन सांगत होता, आधी तिन्ही पूर्ण भरू द्या, मग जोडू. मी म्हटलं, आत्ताच जोड. जोडल्या, आणि यंत्राने मान टाकली.

"तरी म्हटलं होतं बाई! एक पोटभर जेवलेली आणि दोघी उपाशी, एका पंगतीला बसवल्यात तर ओढाताण होणारच."

"मग आता रे?"

"आता तिघींना वेगवेगळं जेवू घाला."

एवढं सोवळंओवळं तर आपल्या घरातही नव्हतं. असो. आता तिघी गुण्यागोविंदाने नांदतात.

घाई कसली होती, हे तू विचारशीलच. मागच्या पडवीत एक डीप फ्रीझर आला आहे. त्यात आमरस आहे असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला. त्यात सुरमई आहे, पापलेट आहे आणि कोलंबी. ज्या घरात कधी अंडं शिरलं नाही, त्या घरात. चहा सांडला असेल तर पुसून घे आणि पुढे वाच.

फ्रीझर तेजस्वीचा आहे. तिने रितेशशी लग्न केल्यापासून आपल्या पत्रांत तुझ्या मुलीचं नाव बंद आहे, तुझ्या आज्ञेने. आज लिहिते. ती दोघं नाटे बंदरातून मासळी आणून इथल्या खानावळींना पुरवतात. जूनमध्ये होड्या वर ओढल्या की दोन महिने याच साठ्यावर त्यांचं घर चालतं. गेल्या वर्षी वादळात आठवडाभर वीज नव्हती. गाळ्यातला सगळा माल नासला. मी गेले तेव्हा तेजू माडांच्या बुंध्याशी खड्डे खणून तो पुरत होती. रडत नव्हती. "आत्या, यंदा बघ नारळ कसे धरतायत ते," म्हणाली. ही वाईट खोड तिला आपल्याच घराण्याची.

यंदाही तसंच झालं तर खानावळवाले दुसरा माणूस बघतील आणि या दोघांना गाव सोडावं लागेल. ते मी होऊ देणार नाही.

फ्रीझर आणताना तीच बिचकत होती. "तुळशीला वास येईल गो आत्या." म्हटलं, तुळस जन्मापासून समुद्राच्या वाऱ्यावर उभी आहे, तिला त्याचं काय नवल? देवघरात विष्णू आहे. मत्स्य हा त्याचाच पहिला अवतार, त्यानेही अजून तक्रार केलेली नाही. राहिलास तू.

घर दोघांच्या नावावर आहे, हे मला पाठ आहे. पडवी माझ्या वाट्याची धर, बदल्यात हवी ती खोली घे. फ्रीझर हलणार नाही.

जूनमध्ये येणार आहेस असं कळलं. जरूर ये. वीज गेल्यावर बॅटऱ्यांवर काय चालवायचं आणि काय नाही, हे ठरवायचं काम मी तेजूकडे दिलं आहे. पंखे, दिवे खुशाल लाव. गीझर लावायचा तर मात्र आधी तिला विचारावं लागतं, मीसुद्धा विचारते. गार पाण्याची अंघोळ तुला सोसत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. ती रोज सकाळी मागच्या दाराने येते. हाक मारलीस तर ओ देईल. हट्टात ती तुझ्याहून जरा कमीच आहे.

तुझी धाकटी बहीण,
आणि तुझ्या मुलीची आत्या,
शरयू