झाशीतच बसवलेला पहाडी जेट

२ जून, रविवार
गाडी आली. टू-स्ट्रोक डर्ट बाइक. बबीना छावणीतल्या मेजरसाहेबांची बदली झाली, त्यांच्याकडून घेतली. ठरलं. पार्थ त्याच्या साध्या गाडीवर, मी हिच्यावर, दोघं लेहला. जुलैत तो बंगळुरूला नोकरीला जाणार. मग फोनवर "पापा, ठीक हूँ" एवढंच उरणार. त्याआधी आठ-दहा दिवस पोरगा माझा. बायकोला, इंदूला सांगितलं, डर्ट बाइक ही गुंतवणूक असते. ती हसली. हसण्यासारखं काय आहे त्यात?

५ जून
कार्बुरेटरचा अभ्यास पूर्ण. वर हवा विरळ, म्हणून पेट्रोलही कमी द्यायचं. पेट्रोल येतं ते पितळेच्या छोट्या जेटमधून. पहाडासाठी बारीक भोकाचा जेट लावायचा, झालं. पार्थ म्हणाला, वो तो मनाली पहुँचके बदलेंगे. मी फैलावर घेतलं त्याला. आमच्या घरात इथल्या इथे गुरसरायला मुंजीला जायचं तरी पोळ्या, लोणचं, पाणी, सुईदोरा सगळं घरून बांधून निघतात. वाटेत हात पसरणारे आम्ही नव्हे!

८ जून
बारीक जेट बसवला. मेकॅनिकला हात लावू दिला नाही. पिकअप अफलातून! इंदू विचारते, लेहला थंडी असते, तर स्वेटरही इथून, प्रेम नगरातल्या घरातूनच घालून निघणार का? यंत्रातलं कळत नाही तर बोलू नये माणसानं. संताप आला. जेवलो नाही.
नंतर जेवलो. आमरस होता.

११ जून
इंजिन भलतंच तापतंय. झाशीचं ऊन, दुसरं काय. या गावात माणूस तापतो, तिथे इंजिनाचं काय? प्लग काढून पाहिला. पांढराशुभ्र! इतका स्वच्छ प्लग जन्मात पाहिला नव्हता. कौतुकानं पार्थला दाखवला. तो म्हणाला, बिस्किटच्या रंगाचा हवा, सफेद म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. टू-स्ट्रोकला तेलही पेट्रोलमधूनच मिळतं, इंजिन जाम हो जाएगा. मी म्हटलं, ज्याची स्वतःची खोली उकिरडा आहे त्यानं स्वच्छतेवर बोलू नये. उठून गेला. असं बोलायचं नव्हतं मला. उद्या समजूत काढायची.

१२ जून
समजूत काढायला गेलो. भांडण झालं. त्यानं आधीच सॉरी म्हणून टाकलं, माझं सगळं बोलणं वाया. याचा जास्त राग आला.

१५ जून, सकाळ
निघतोय. इंदूनं हातावर दही घातलं. म्हणाली, अजून वेळ आहे, तो जेट बदला. निघताना टोकू नये एवढंही कळत नाही हिला. पार्थ हेल्मेट घालून उभा आहे. हसतोय! कितीतरी दिवसांनी हसतोय.

१५ जून, दुपार
झाशी सोडून तासही झाला नाही, दतियाच्या अलीकडे इंजिन किंचाळलं, मागचं चाक गच्च अडकलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. पिस्टन जाम. दोष मेजरसाहेबांचा. दोष पेट्रोल पंपाचा. दोष या सपाट मुलखाचा, इथे पहाड असते तर काही झालं नसतं. गाडी लोडर टेम्पोत घालून परत आणली. पार्थ "मैंने कहा था" असंही म्हणाला नाही. ओरडून म्हटलं, बोल ना! त्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

१६ जून
पार्थ एकटाच निघाला. जा म्हणालो, मीच. मागच्या सीटवर बसून येण्याइतका मी लाचार नाही. तो दोनदा म्हणाला होता, पापा, पीछे बैठ जाइए, आरामात जाऊ. फाटकाशी थांबून म्हणाला, तुम्ही असे चिडत नसाल तर पुढच्या सुट्टीत नक्की जाऊ. मी चिडतच नाही, हे मी त्याला इतक्या जोरानं ओरडून सांगितलं की समोरचे लोक गॅलरीत आले.
त्याला ऐकू गेलं नसावं. तोवर गाडी इलाइट चौराह्याकडे वळली होती.