दारामागची पाण्याची पिशवी

मंगळवार, दिवेलागण

मानेचा पट्टा आज पुन्हा लावून बसले. हनुवटीखालून निघालेली दोरी दारावरच्या कप्पीतून जाते, तिच्या टोकाला पाण्याची पिशवी. पाणी खाली ओढतं आणि मान अलगद वर उचलली जाते.

डोळे मिटले. गंगापूरला लहानपणी डोक्यावरून हंडे आणायचे. मान तेव्हाच दबली असेल का? उंबऱ्यात आई हंडा उतरवून घ्यायची आणि डोकं क्षणभर तरंगायचं. अगदी असंच.

हे मधेच म्हणाले, "नळ उद्याही येत नाय. पिशवीतलं पाणी तुळशीला घालू का?"

"थांबा जरा," म्हटलं. हनुवटी अडकलेली, धड बोलताही येईना.

कसं सांगू यांना? आई आत्ताच उंबऱ्यात आली होती. हंड्याला हात लावला होता तिनं.