पुलापलीकडची अडुसष्ट मिनिटं

राजधानी, ३ जून १९५७

प्रिय ऑरिनदादास,

शि. सा. न. वि. वि.

लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे नेमकं काय काम, असा टोमणा मागच्या पत्रात मारलास. सांगते. सकाळी उठून गव्हर्नर हॅस्केलसाहेबांची तब्येत विचारायची. ती ठणठणीत असली की आमचं काम संपलं. बाकी सिनेटच्या खुर्चीत बसून हातोडा आपटायचा आणि दोन्ही बाजूंची मतं समसमान पडली तरच आपलं एक टाकायचं. माझ्या खोलीत आधीच्या एकोणीस जणांच्या तसबिरी आहेत. त्यातल्या एकाने म्हणे खिडकीत मधमाश्या पाळल्या होत्या. वेळ घालवायला काहीतरी हवंच ना!

आता वाईट बातमी. आपल्या कॉटनवुडची बहिऱ्या मुलांची शाळा बंद करण्याचा कायदा मंजूर झाला. दोन मतांनी. समसमान झाली असती तर मी त्यांना दाखवलं असतं. इमारतीत तुरुंग खात्याचं गोदाम होणार आणि एकसष्ट मुलं घरी जाणार, जिथे त्यांच्याशी बोलता येणारं कुणी नाही. आपली धाकटी बहीण डेला सहाव्या वर्षी तिथे गेली नसती तर आज कुठे असती, हे तुला सांगायला नको. आणि आता तीच तिथली मास्तरीण. शनिवारी, पंधरा तारखेला, साहेब फोटोवाल्यांसमोर सही करणार आहेत.

जुनी दफ्तरं उपसताना एक गंमत सापडली. १८९३ साली तेव्हाचे गव्हर्नर घोडा बघायला नदीपलीकडच्या राज्यात गेले, तेवढ्यात लेफ्टनंट गव्हर्नरने एका कैद्याला माफी देऊन टाकली. कोर्टाने ती ग्राह्य धरली. गव्हर्नर हद्दीबाहेर असेपर्यंत सगळे अधिकार आमचे! पण हे महाशय या महिन्यात कुठे म्हणजे कुठे जात नाहीत. मी त्यांची कार्यक्रमपत्रिका तीनदा वाचली. नुसता संताप होतो.

एथेलवहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो टोमण्यांसकट राहू दे.

तुझी,
व्हर्ना

---

कॉटनवुड पूल, ६ जून

चि. व्हर्नास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

एवढी शिकलीस आणि पत्रिका वाचत बसलीस? तुझे गव्हर्नरसाहेब दर शुक्रवारी माझ्या पुलावरून पलीकडे जातात. पलीकडच्या घाटावर तळलेला कॅटफिश खायला! भाषणात आपल्या काठच्या माशांची आरती ओवाळायची आणि खायचा मात्र शेजाऱ्यांचा. आपल्या कोळ्यांना कळलं तर मतं गेली, म्हणून पत्रिकेत नाही. जेवायला जाणं म्हणजे राज्य सोडणं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसणार.

पुराच्या सालापासून या उचलत्या पुलाचा राखणदार म्हणून प्रत्येक गाडीची जायची-यायची वेळ मी वहीत लिहितो. पूल उचलून त्यांना पलीकडे अडकवीन, असली अपेक्षा करू नकोस. बोट आली तरच पूल उचलतो. पण गाडी पलीकडच्या काठाला लागली की तुला फोन करीन. आणि वहीत खरं तेच लिहीन.

डेलाला अजून सांगितलेलं नाही. सांभाळून राहा, माया कमी करू नकोस.

तुझा,
ऑरिनदादा

---

राजधानी, १४ जून

प्रिय दादा,

शि. सा. न. वि. वि.

केलं! तुझा फोन बारा वाजून सात मिनिटांनी आला. कायदा नामंजूर, असं लिहून खाली सही केली. बारा एक्केचाळीसला शिक्का बसला. विधिमंडळाचं अधिवेशन संपलंय, पुढचं दोन वर्षांनी, त्यामुळे तोवर कुणाला हे उलटवता येणार नाही.

साहेब परतल्यावर माझ्या खोलीत येऊन ओरडले. मी शोभेची बाहुली आहे आणि बाहुलीसारखंच राहावं, म्हणाले. मी त्यांना मासा कसा होता ते विचारलं.

आता ते कोर्टात सांगणार आहेत की गाडी पुलाच्या मध्यावरूनच मागे वळली, हद्द ओलांडलीच नाही. म्हणजे सगळं तुझ्या वहीवर येऊन ठेपलंय. तुझ्या पेन्शनला दीड वर्ष उरलंय, दादा. तू काहीही ठरवलंस तरी मी तुझी बहीणच आहे.

तुझी,
व्हर्ना

---

कॉटनवुड, २२ जून

चि. व्हर्नास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

शेवटच्या ओळीबद्दल तुझा कान धरायला हवा. मी काय ठरवणार, हा प्रश्न तुला पडलाच कसा?

मंगळवारी एक गोड बोलणारा गृहस्थ येऊन गेला. वहीच्या त्या पानावर कॉफी सांडली तर कुणाला नवल वाटणार नाही, म्हणाला. वर पेन्शनचीही आठवण करून दिली. मी म्हटलं, एकोणीस वर्षांत वहीवर थेंब सांडला नाही, आता सांडला तर बायको म्हणेल म्हातारा झाला. बुधवारी वही कोटाखाली धरून स्वतः कोर्टात नेऊन दिली. गेले १२.०७, आले १.१५. पलीकडच्या खानावळवाल्यानेही खुशाल साक्ष दिली, त्याला तेवढीच जाहिरात!

गुरुवारी मला कामावरून काढलं. खोटं सांगत नाही, भीती वाटते. एथेल म्हणाली की घाबरायचं तर पोटभर जेवून घाबरा.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा पुरे.

ऑरिनदादा

---

बहिऱ्या मुलांची शाळा, कॉटनवुड, २० सप्टेंबर

ती. व्हर्नाताईस,

सा. न.

निकाल तुला आमच्या आधी कळला असेल. नामंजुरी कायम. पक्षाने पुढच्या वेळी तुला उभं करायचं नाही असं ठरवलंय, तेही पेपरात वाचलं. ऑरिनदादा सोमवारपासून आमच्या बॉयलरखोलीत कामाला लागलाय आणि मुलांना वेळेवर हजर राहण्यावरून रागावतो. मुलं त्याच्या मिशीची नक्कल करतात.

तुम्हा दोघांवर मी चिडले आहे. माझ्यासाठी लढलात आणि मला विचारलं नाहीत. आम्ही एकसष्ट मुलं नि नऊ मास्तर सहीच्या त्या शनिवारी गव्हर्नरच्या दारात बसणार होतो, आणि आम्हाला ओरडून उठवणं कुणालाच जमलं नसतं.

पण एक सांगायचं राहिलं. आमच्यात माणसाला हातांच्या खुणेचं नाव असतं आणि ते बहिऱ्यांनीच द्यायचं असतं, मागून मिळत नाही. इतकी वर्षं तू माझी बहीण असूनही तुला नाव नव्हतं. मुलं तुझ्या पदासाठी रिकामी खुर्ची दाखवायची. काल जेवणघरात सगळ्यांनी मिळून तुझं नाव ठरवलं. डावा हात आडवा धरून पूल करायचा आणि त्यावर उजव्या हाताने सही.

खुर्ची दीड वर्षाने जाईल, ताई. हे नाव काढून घ्यायला पक्षवाल्यांना आधी आमची भाषा शिकावी लागेल.

तुझी,
डेला