कच्चं हाड

प्रिय ताई,

उद्या तुला जाऊन वर्ष होतंय. अंगणात मांडव घालणं चालू आहे, खुर्च्यांचा टेम्पो आलाय, अप्पा सगळ्यांवर ओरडताहेत. आणि मी मागच्या पत्र्याच्या खोलीत आतून कडी लावून तुला लिहायला बसलोय. उद्या बुद्धवंदना झाली की अप्पा माझ्या हातात माईक देतील आणि म्हणतील, "बोल, ताईच्या अवजारावर दोन शब्द बोल." ते दोन शब्द आधी तुला सांगायचे आहेत. दुसऱ्या कुणाला सांगू?

तुझं अवजार चुकलंय, ताई.

खरं तर आपलं म्हणायला हवं. पण आपल्या हट्टा गावात त्याला कुणी आपलं म्हणत नाही. कटिंगला बसलो तर न्हावी विचारतो, "ताईंचं अवजार झालं का?" वसमतच्या जीपमध्ये बसलो तर ड्रायव्हर आरशातून तेच विचारतो. मी नुसती मान हलवतो. ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

तुझे हात आठवतात. केवढेसे ते हात! बांगड्या भरायला गेलीस की कासार लहान पोरींचा डबा पुढं ओढायचा. आणि असल्या हातांनी तू हाडांची डॉक्टर व्हायला निघालीस! पेशंटचे नातेवाईक तुलाच विचारायचे, "सिस्टर, मोठे डॉक्टर कधी येऊन राहिले?" तू म्हणायचीस, "आलेत की. बोला." ही गोष्ट तू घरी इतक्यांदा सांगितलीस, आणि दर वेळी त्या माणसाचा चेहरा तू जरा जास्तच पाडायचीस. आई हसून हसून डोळे पुसायची.

मग एका संध्याकाळी तुझा फोन आला. आवाजावरूनच कळलं, भडकलेली आहेस. नडगीच्या हाडाचं ऑपरेशन करून आली होतीस.

"हाड धरायचा चिमटा एक, ड्रिल सरळ जावं म्हणून नळी दुसरी, भोक किती खोल गेलं ते मोजायची पट्टी तिसरी. अन् मदतीला माणूस एकच. आज पट्टी खाली पडली, संघा. ती परत निर्जंतुक होऊस्तोवर आमी सगळे हात वर करून उभे, पोलिसानं धरल्यावानी! तिन्ही कामं एकात कर मला. अन् मूठ माझ्या हाताच्या मापाची कर. हे लोक सगळी अवजारं पैलवानासाठीच बनवून राहिलेत."

मी म्हणालो, चित्र काढून पाठवतो. तू म्हणालीस, "चित्र नको. तू ये. पावसाळ्यापर्यंत होऊन जाईल."

आलो. संभाजीनगरची बरी चाललेली नोकरी सोडून आलो. कुठला पावसाळा, ते मात्र तू सांगितलं नव्हतंस! हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू समोर असलीस की मला राग यायचाच नाही. आता येतो. तू नसताना रागवायचं म्हणजे भिंतीशी भांडण्यासारखं आहे, पण येतो.

ते दिवस छान होते, हे कबूल. बाजाराच्या दिवशी मी बकऱ्याचा पाय आणायचो आणि आई दारातच पिशवी हिसकून घ्यायची. आठवतो ना तिचा कायदा? तिच्या आज्यानं गावातली मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, त्या दिवशी घरातला हाडाचा कण अन् कण बाहेर काढून अंगण सारवलं होतं म्हणे. आई तोंडाला पदर लावून म्हणायची, "आमच्या आज्यानं हाडं वाहिली. तुमी टेबलावर कच्चं हाड मांडून बसताव व्हय? या घरात न्हाई चालायचं." तू एवढी हाडांची डॉक्टर, पण तिच्यापुढं तुझीही डाळ शिजली नाही.

मग आपली ती पद्धत पडली. पिशवी दारातून थेट पातेल्यात. हळद-मीठ घालून आधी बिनतिखटाचं अळणी पाणी, मग रस्सा, मग आपण ओरपून जेवायचं आणि चाटूनपुसून निघालेलं हाड धुऊन या टेबलावर. तू चिमट्यात हाड धरायचीस, मी ड्रिल चालवायचो. आपण मुठीची पकड तपासली, नळीचा कोन तपासला, मोजायच्या खुणा तपासल्या. "अजून बारीक कर मूठ," एवढीच तुझी तक्रार. अवजार धुतलं की लख्ख व्हायचं. तू ते उन्हात धरून म्हणायचीस, "बघ, आरशावानी!"

लख्ख का नाही होणार? शिजलेल्या हाडात रक्त कुठलं आणि चरबी कुठली? सगळी रश्श्यात उतरलेली. रोज जित्या माणसाच्या हाडावर हात चालवणारी तू, तुला ते कसं सुचलं नाही गं? आणि मला? ही चूक जगात फक्त आपल्याच घरात होऊ शकत होती.

सुचलं असतं. तुला वेळ मिळाला असता तर नक्की सुचलं असतं. पण मध्येच तो ताप आला. "साधा हाय, पेशंट खोळंबलेत," म्हणून तू अंगावर काढलास. दुसऱ्याला असं करू दिलं असतंस का?

तू गेल्यावर अप्पांनी काचेची पेटी करून आणली. आत लाल मखमल, त्यावर तुझ्या अवजाराचा नमुना, आणि कुलपाची किल्ली त्यांच्या करदोट्याला. येईल त्या पाहुण्याला या खोलीत आणतात, आधी पेटी दाखवतात, मग मला दाखवतात. "हा तिचा भाऊ. तिचं काम हाच पुरं करून राहिला." मी पेटीशेजारी उभा राहून हसतो. गुदमरतो, ताई. एका पिनेवर तू चिमटा आणि नळी दोन्ही बसवलीस, त्याच पिनेनं मलाही इथं ठोकून गेलीस असं वाटतं.

मागच्या महिन्यात आई नरसीला मावशीकडे गेली होती. खाटकाकडून ताजं हाड आणलं, चोरासारखं, दोन पिशव्यांत घालून. माझ्याजवळच्या दुसऱ्या नमुन्यात धरलं, भोकं पाडली. मग धुतलं, ब्रशनं घासलं, आईच्या जुन्या कुकरमध्ये ठेवून शिट्ट्या काढल्या. वरून लख्ख! पांढऱ्या फडक्यावर ठेवून चिमटा उघडला, मिटला, तर सांध्यातून तपकिरी ओघळ. पुन्हा धुतलं, पुन्हा ओघळ. शेवटी सांध्यातली पिन कापली. आत मगज आणि हाडाचा भुसा चिकटून बसला होता. म्हणजे एकाच्या पायातलं दुसऱ्याच्या पायात जाणार, ताई! ऑपरेशनआधी नखांखालून ब्रश फिरवून बोटं लाल करून घेणारी तू!

आणि उद्या नांदेडहून कारखानदार येणार आहे. पेटीतला नमुना घेऊन जाईल आणि तस्सा बनवील. अप्पांनी शब्द दिलाय. पुढं तपासणी होईल, तिथं पकडतील, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. पण करणाऱ्यांनाच जे दिसलं नाही, ते दुसऱ्याला दिसेलच कशावरून?

अप्पांना म्हणालो, सांधा बदलावा लागेल. त्यांनी पेटीवर हात ठेवला. "तिच्या हातचं हाय ते. तू काहून हात लावून राहिला? तुला जमत नसलं तर तसं सांग." बदलावं तर मी बहिणीची खूण मोडणारा. न बदलावं तर कुण्या अनोळखी माणसाचा पाय जाणार, आणि बदलला नाही म्हणून ते पाप माझं.

आज सकाळी सरळ बॅग भरून फाट्यावर गेलो होतो. परभणीची जीप लागलेली होती. ड्रायव्हर म्हणाला, "उद्या ताईंचा कार्यक्रम, अन् तुमी कुठं निघाले?" चहा घेतला आणि परत आलो.

आल्यावर आई कांदे चिरत बसलेली दिसली. तिला सगळं सांगून टाकलं. शेवटी तोंडातून निघून गेलं, "तुझ्या शिजवलेल्या हाडांनी फसवलं आम्हाला." तिनं विळी आडवी केली, चप्पल घातली आणि निघून गेली. तेव्हापासून मी हा असा कडी लावून बसलोय.

थांब. कडी वाजतेय. आईच आहे.

ताई, आता दिवेलागण झाली आहे. मधलं सगळं सांगतो.

आईनं पिशवीतून हाड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. उघडं, कच्चं. मांस काढलेलं, टोकाला अजून ओलं. हात पदराला पुसले आणि म्हणाली, "घे. कच्चंच हाय."

मागून अप्पा आले. "हे काय आनलंस घरात?"

"हाड. लेकीचं अवजार हाडासाठीच हाय न्हवं? काढा ते पेटीतून."

"अगं, तिच्या हातचं…"

"म्हणूनच काढा. उद्या कुणाचा पाय सडला तर ते बी तिच्याच हातचं म्हणतील लोकं."

अप्पांना करदोट्याची गाठ सुटेना. मी पुढं झालो तर हात झटकला माझा. सोडवली त्यांनीच. पेटी उघडली, आणि तुझं अवजार वर्षानं पहिल्यांदा बाहेर आलं.

मी चिमटा धरू गेलो. माझा पंजा मुठीत मावेना, नेहमीसारखी बोटं बाहेर. आईनं माझ्या हातातून घेतला. ताई, तिच्या हातात तो असा बसला! जराही कमीजास्त नाही. तुझे हात कुणाचे होते, हे आपल्या कधी लक्षातच आलं नव्हतं. जन्मभर टेबलावर कच्चं हाड मांडू न देणारी आई ते घट्ट धरून उभी राहिली, तोंड मात्र दाराकडं वळवून. "चालव लवकर," म्हणाली. मी ड्रिल चालवलं.

धुतलं, घासलं, कुकर लावला. उद्यासाठी आणलेल्या पांढऱ्या कापडातला तुकडा अप्पांनी स्वतःच फाडून टेबलावर पसरला आणि स्वतःच चिमटा उघडला, मिटला. ओघळ आला. बोट लावून त्यांनी वास घेतला. स्टूल ओढून बसले.

"ती असती तर?" त्यांनी विचारलं.

"मला शिव्या घातल्या असत्या, अन् पिन काढायला लावली असती."

"मंग काढ," म्हणाले, आणि मांडव बघायला निघून गेले. पेटी उघडीच आहे.

आता शब्द देतो, ऐक. उद्या माईकवर सांगीन की अवजार अजून झालेलं नाही. कारखानदाराला जेवू घालून रिकाम्या हातानं परत पाठवीन. हे पत्र संपलं की पिन कापीन. नवा सांधा आईच्या चकलीच्या सोऱ्यासारखा करीन, हातानं सुटा होणारा, भाग न् भाग धुता येणारा. आणि ते झालं की मी जाणार आहे, ताई. तू हाक मारलीस तरी थांबणार नाही. कधी होईल म्हणतेस? पावसाळ्यापर्यंत. कुठल्या, ते विचारू नकोस.

मूठ मात्र तुझ्याच मापाची राहील. मापाला आईचा हात आहे.

तुझाच,
संघा