समजूत घातलेली आवडते का?

नाना,

पिंप्राळ्यातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत तुमचा होमिओपॅथीचा दवाखाना होता, म्हणून आपल्या देवघरात कधी कापूर जळला नाही. त्या वासानं गोळ्यांचा गुण जातो, हे तुमचं ठाम मत. आई म्हणायची, "देवालासुद्धा यांचंच पथ्य!" तुम्ही रोगाला नव्हे, माणसाला औषध देत होता. नशिराबादची एक म्हातारी तुमच्या प्रश्नांना वैतागली होती. "डाक्टर, मन्हं पोट दुखस, तुम्ही सपनं काबर इचारतस?" तुम्ही हसलात. "पोट कुणाचं आहे ते कळायला नको का, अक्का?" कोणत्या कुशीवर झोपता, कशाची भीती वाटते, रडू कधी येतं, परक्यांना तासभर विचारत बसायचात. आम्हां घरच्यांना ताप आला की मात्र आईच्या हातून नुसती पुडी यायची. गावाची स्वप्नं तुम्हांला पाठ, माझं एकही नाही. याचा मला राग होता. अजून आहे.

म्हणूनच त्या उन्हाळ्यात धुळ्याहून एसटीनं आले ती घरात न जाता बाकावर पेशंटांमध्ये बसले. नवरा मारत नव्हता, ओरडत नव्हता, फक्त बोलत नव्हता. महिनोनमहिने. वाढलं की जेवायचा आणि उठून जायचा. मला परत जायचं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं, आणि तेच तोंडातून निघेना.

माझा नंबर येतो. तुम्ही चष्मा सारखा करून माझ्याकडे बघता आणि नवा केसपेपर काढता. डोकं दुखतं, मी सांगते. मग तहान, झोप, स्वप्नं. जन्मात पहिल्यांदा तुम्ही मला विचारत असता.

"रडताना कुणी समजूत घातली तर बरं वाटतं, की जास्त त्रास होतो?"

बाहेर बाकावर माणसं. "त्रास होतो," मी म्हणते. तुम्ही मान हलवता, लिहून घेता, पुडी बांधता.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून स्टँडवर सोडायला आलात. गाडी लागली तेव्हा खिडकीच्या गजाला धरून म्हणालात, "माय..." आणि थांबलात. डोळे भरले होते तुमचे, मी पाहिलं. "कच्चा कांदा खाऊ नको," एवढं बोलून मागे सरकलात. मी सांगितलेल्या लक्षणाला तुम्ही जागलात, नाना. पेशंटला जे सोसत नाही ते करायचं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात तुम्ही गेलात. गर्दीत कुणीतरी औषधांच्या कपाटाजवळच कापूर लावला, आणि आईनंही अडवलं नाही.

मी धुळ्यातच राहिले. हा कागद पाठवायचा तर कुठं? लिहिता लिहिता त्याची घडी मात्र तुमच्या पुडीसारखी पडली आहे.

माझं उत्तर खोटं होतं. समजूत घातलेली मला फार आवडते, नाना. तुम्ही "राहा" म्हणाला असतात, तर मी गाडीतून उतरले असते.